ऊन लागलं नव्हतं

मे महिन्यात आमच्या अमळनेर-पारोळ्याकडे बेशुद्ध माणूस आला की निदान नातेवाईकच करून आणतात. त्या दुपारी रिक्षातून आजींना उतरवतानाच मुलगा म्हणाला, "मायले ऊन लागी गयं, मॅडम." बाहेर 44 अंश. मलाही तेच वाटलं, सिस्टरला बर्फ आणायला पिटाळलं.

कपाळाला हात लावला तर अंग गार. थर्मामीटरवर 98. शुगर ठीक. पापणी उचलून बॅटरी मारली, बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी. मग घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटभरात सात.

"गोळ्या कसल्या चालू आहेत?"

"कसल्याच नाही. गुडघ्याची आन् झोपेची."

अशा 'कसल्याच नाही'चा मी धसका घेतलाय. साडीच्या दुकानाच्या पिशवीत कात्रीने कापलेले पट्ट्यांचे तुकडे निघाले. एकावर नुसतं 'माडॉल' उरलेलं, म्हणजे दुखण्याची ट्रॅमाडॉल. दुसऱ्यावर 'अल्प्रा', म्हणजे झोपेची अल्प्राझोलम. ट्रॅमाडॉल 2018 पासून अंमली पदार्थांच्या कायद्यात आहे, तरी असे तुकडे येतातच. गुडघ्याचे डॉक्टर वेगळे, झोपेचे वेगळे. एकाचा कागद दुसऱ्याने पाहिलेला नाही. दोन्ही गोळ्या श्वास मंदावतात, एकत्र आल्या की जास्तच. एकेक घेऊन आजींचं निभत होतं. पण तीन दिवस बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायला बसल्या, गुडघे धरले, म्हणून त्या दिवशी दुखण्याची गोळी तीनदा झाली. दुखण्याने डोळा लागेना, म्हणून दुपारीच झोपेचीही घेतली.

अँबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या फुग्याने, श्वास देत नॅलॉक्सोन थोडं थोडं सोडलं; अफूच्या जातीच्या औषधांवरचा तो उतारा. ते ट्रॅमाडॉलवर अर्धवटच चालतं, फिटचा झटका यायची भीतीही असते, आणि झोपेच्या गोळीला तर ते शिवतही नाही. त्या गोळीवरचा उतारा द्यावा, तर ट्रॅमाडॉल पोटात असताना झटक्याचा धोका आणखी वाढतो. म्हणून हाताने बॅग दाबत राहणं हाच खरा उपचार होता. पंधरा-वीस मिनिटांनी श्वास बारावर आला. नॅलॉक्सोनचा असर तासाभरात ओसरतो, गोळी मात्र अंगात राहते. म्हणून 108 बोलावून धुळ्याला पाठवलं.

आठवड्याने आजी स्वतः आल्या, सोबत बिबड्यांची पिशवी. दोन्ही गोळ्या एकत्र घ्यायच्या नाहीत, दोन्ही डॉक्टरांना सगळे कागद दाखवायचे, असं मी बजावून सांगितलं. झोपेची गोळीही एकदम न तोडता त्यांच्याच सल्ल्याने कमी करायची. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग गुडघा दुखस ते काय खाऊ?"

मी पॅरासिटामॉल लिहून दिली. त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.