जेजुरीच्या गडावर देवभेट : माझा अनुभव

भावाभावांची घरे वेगळी झाली की देव्हारेही वेगळे होतात, आणि नव्या देव्हाऱ्यात कुलदैवताचा टाक, म्हणजे पत्र्यावर उठवलेली देवाची छोटी प्रतिमा, बसवायचा तर तो आधी जेजुरीला नेऊन देवाला भेटवून आणायचा, असा आमच्या घरचा कुलाचार आहे. सोनाराकडून खंडोबाचा चांदीचा टाक घडवून आणल्या दिवसापासून आईने माझ्यामागे लकडा लावला होता. तिचे वय 74 आणि गुडघे दुखरे, त्यामुळे मी चालढकल करीत होतो. शेवटी एका रविवारी आई, मी आणि माझा मुलगा असे तिघे पहाटे निघालो आणि दिवेघाट, सासवड मार्गे उजाडता उजाडता जेजुरीला पोहोचलो.

जेजुरीत देवाची स्थाने दोन. गावालगतच्या टेकडीवरचा गडकोट सर्वांना माहीत असतो. त्याच्या मागे, बऱ्याच उंचावर असलेले कडेपठार हे मूळ, जुने स्थान. आधी कडेपठार आणि मग गड असा क्रम आमच्या वडिलांनी पाळला होता. आईला धर्मशाळेत बसवून मी एकटाच टाक घेऊन कडेपठार चढलो. ही चढण गडासारखी सोपी नाही. मध्येच पायऱ्या, मध्येच खडबडीत वाट, आणि दगडादगडावर भंडाऱ्याचा पिवळा थर. वर गर्दी नव्हती. दर्शन शांतपणे झाले आणि टाक देवापुढे क्षणभर ठेवता आला.

कडेपठारावरचा देव खालच्या टेकडीवर कसा आला, याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. एक भक्त नेमाने कडेपठारावर येत असे. म्हातारपणी पाय थकले, तेव्हा त्याने आता आपल्याने येणे होणार नाही असे देवाला सांगितले, आणि देवच त्याच्यासाठी खाली गडावर उतरला. खाली आल्यावर मी ही कथा आईला मोठ्या उत्साहाने सांगू लागलो. तिने ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "ही गोष्ट मीच तुला लहानपणी सांगितली होती. देव खाली आला असताना तू वर कशाला गेलास?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

गड चढायला आम्ही अकरा वाजता सुरुवात केली, ही माझी चूक. आईने चपला खालीच काढल्या होत्या आणि पायऱ्यांचे दगड तापू लागले होते. लोकांच्या तोंडी या पायऱ्या नऊ लाख आहेत. प्रत्यक्षात त्या काही शेच आहेत, पण दुखऱ्या गुडघ्यांना नऊ लाखांचाच हिशेब खरा वाटत असावा. आमच्या पुढे एक नवरदेव रिवाजाप्रमाणे नवरीला उचलून पायऱ्या चढत होता आणि त्याचे मित्र मोठ्याने पायऱ्या मोजत होते.

निम्म्या वाटेवर बाणाईचे देऊळ लागते. तिथे आई बराच वेळ बसली. म्हाळसा आणि बाणाई या खंडोबाच्या दोन बायका. म्हाळसा नेवाशाची, वाण्याची लेक. बाणाई चंदनपुरीची, धनगराची. बाणाईसाठी देवाने धनगरवाड्यावर मेंढ्या राखल्या, तिला लग्न करून आणले, आणि सवतीमत्सरामुळे म्हाळसेला वर व बाणाईला निम्म्या गडावर घर मिळाले, असे सांगतात. शैव कथेत वाणी आणि धनगर अशी दोन घरे नात्यात आणणाऱ्या लोकांच्या कल्पनेचे मला नेहमीच कौतुक वाटते.

वर पोहोचल्यावर आधी दिसतो तो देवळासमोरचा पितळी पत्र्याने मढवलेला प्रचंड कासव. देवळात 1637 चा शिलालेख आहे आणि आजचे तटबंदीचे रूप 1770 च्या सुमारास होळकरांच्या हातून पूर्ण झाले. गाभाऱ्यात गुरवांनी टाक लिंगाला टेकवला, त्यावर बेल आणि भंडारा वाहिला, आणि ज्यासाठी आलो होतो ते काम दोन मिनिटांत संपले.

तळी भरायला मात्र वेळ लागला. ताम्हनात भंडारा, खोबरे, सुपारी, विड्याची पाने आणि नाणी मांडली, पण तळी उचलायला पाच जण लागतात आणि आम्ही तिघेच. बाजूच्या एका कुटुंबातले दोघे न बोलावता येऊन ताम्हनाला हात लावून बसले. "सदानंदाचा येळकोट" म्हणत तळी तीनदा उचलली. हे सारे मणी आणि मल्ल या दैत्यांवरील विजयाचे स्मरण. सहा दिवस युद्ध झाले, म्हणून मार्गशीर्षातले खंडोबाचे नवरात्रही सहा दिवसांचे आणि चंपाषष्ठीला संपणारे. शरण आलेल्या मणीने आपला पांढरा घोडा देवाला देऊन त्याच्याजवळच जागा मागून घेतली. मल्ल अखेरपर्यंत नमला नाही. त्याचे शिर पायरीशी पडले, पण देवाचे मल्हारी हे नाव त्याच्यामुळेच झाले. हरलेल्यालाही नावात जागा देणारी ही कथा मुलाला फार आवडली आणि उतरताना तो मल्लाचीच बाजू घेऊन वाद घालत होता.

टाक भंडाऱ्यासह कापडात गुंडाळून मी खिशात ठेवला होता. बाणाईच्या देवळाशी आई पुन्हा थांबली. मला वाटले गुडघे दुखत असतील. तिने पदरातून तळीच्या खोबऱ्याचा एक तुकडा काढला आणि देवीपुढे ठेवला. "मघाशी रिकाम्या हातानं बसले होते हिच्यापाशी," ती म्हणाली.