सिल्व्हियाचं नाव मी का घेतो

"हिप-हॉपच्या धंद्याचा विषय निघाला की तुम्ही सिल्व्हिया रॉबिन्सनपासून सुरुवात करता. पण तिच्या कंपनीवर तर कलाकारांचे पैसे न दिल्याचे आरोप झाले ना?" रॅप करणारी नवी मुलं मला हे हटकून विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

1979 साली रॅप न्यू यॉर्कमधल्या ब्रॉन्क्स आणि हार्लेम या वस्त्यांच्या पार्ट्यांत रंगायचं. तिथे जाऊन ऐकायचं, नाहीतर हातोहात फिरणाऱ्या कॅसेटवर. त्याची रेकॉर्ड निघेल हे खुद्द ते करणाऱ्या कितीतरी पोरांच्या डोक्यात नव्हतं. सिल्व्हिया तेव्हा चाळिशीतली, 'पिलो टॉक' गाऊन गाजलेली गायिका. नवरा जो रॉबिन्सन याच्याबरोबर चालवलेली आधीची रेकॉर्ड कंपनी डबघाईला आलेली. हार्लेमच्या एका क्लबात तिने डीजेला वाजत्या संगीताच्या ठेक्यावर लयीत बोलताना ऐकलं, समोरची गर्दी त्याला कशी साद देते ते पाहिलं, आणि तिला उमगलं की हे विकलं जाईल. 'शुगर हिल' या आपल्या नव्या कंपनीसाठी न्यू जर्सीतल्या एंगलवुडमध्ये तिने तीन पोरं जमवली. त्यातला हँक पिझ्झाच्या दुकानात कामाला होता. 'शिक' या बँडच्या 'गुड टाइम्स'चा ठेका तिने वादकांकडून वाजवून घेतला आणि चौदा मिनिटांहून लांब 'रॅपर्स डिलाइट' काढलं. ते 'बिलबोर्ड' या अमेरिकन नियतकालिकाच्या गाण्यांच्या मुख्य यादीत 36व्या क्रमांकापर्यंत चढलं.

हे नशिबाने झालं म्हणावं, तर 1982 साली तिने तेच पुन्हा करून दाखवलं. 'द मेसेज' हे गरीब वस्तीतल्या घुसमटीचं गाणं तिच्या कंपनीतल्या ग्रँडमास्टर फ्लॅश या डीजेला नको होतं. लोक नाचायला येतात, हे कोण ऐकणार? सिल्व्हिया हटली नाही. रेकॉर्डवर नाव फ्लॅशच्या गटाचं होतं, पण गटातला रॅप एकट्या मेली मेलचा. रॅपला गंभीर काही सांगता येतं, हे त्या गाण्याने जगाला पटवलं. असा कान मला दुसऱ्या कुठल्याच निर्मात्यात दिसत नाही, आणि म्हणूनच मी तिचं नाव घेतो.

पण पुढच्याच वर्षी रॉयल्टीवरून फ्लॅश कोर्टात गेला. मोठ्या कंपनीशी केलेला वितरणाचा करारही भांडणात संपला. तोवर रन-डीएमसी या नव्या रॅप गटाचा ड्रम मशीनवरचा कोरडा, ठणठणीत आवाज आला होता आणि शुगर हिलचा वाद्यवृंद जुना वाटू लागला होता. दशकाच्या मध्यात कंपनी बंद पडली. सिल्व्हिया 2011 साली गेली. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिला घेतलं ते 2022 साली.

आरोपांचं म्हणाल, तर ते मी झाकत नाही. मुलांना 'रॅपर्स डिलाइट' ऐकवतो तेव्हा हँकच्या ओळींशी थांबवतो. तो एकेक अक्षर उच्चारत 'कॅसानोव्हा' असं नाव सांगतो. ते नाव त्याचं नव्हतंच. ग्रँडमास्टर कॅझ हा ब्रॉन्क्सचा रॅपर तेव्हा त्या नावाने ओळखला जायचा. त्याच्या वहीतल्या ओळी हँकने नावासकट उचलल्या होत्या. 'शिक'च्या नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्सनी कायद्याचा बडगा दाखवला, तेव्हा गीतकार म्हणून त्यांची नावं रेकॉर्डवर चढली. कॅझचं नाव त्या रेकॉर्डवर ऐकू येतं, छापलेलं मात्र नाही.