पंखा-चाक, भाग ४: ब्रेक मारला की लंगडी

चढलं! १८ मिमी प्लायचे तीन थर म्हणजे ५४ मिमीची पायरी, सहा किलोचा रोबो, आणि पंखा-चाक (पुढे चालताना गोल, उलटं फिरलं की पाकळ्या उघडून पायरी पकडणारं) उलट्या चालीने वर. भाग २ मधल्या शंकरपाळी चाकाची ज्यांनी मनसोक्त चेष्टा केली त्यांनी नोंद घ्यावी. ७५ मिमी त्रिज्येच्या गुळगुळीत चाकाला या पायरीची धार तळापासून ७४ अंशांवर भेटते, म्हणजे जवळजवळ भिंतच. तिथे कितीही रबर लावा, चाक जागच्या जागी फिरत बसतं.

आता रडगाणं. सपाटीवर जरा जोरात ब्रेक मारला की हेच चाक न सांगता उघडतं आणि रोबो लंगडी घालत थांबतो. बाकी सगळं मार्गी लागलंय, या एका गोष्टीने मात्र जीव खाल्लाय.

रचना भाग ३ मधलीच आहे. तीन पाकळ्यांच्या दोन चकत्या, प्रत्येक पाकळी ६४ अंशांची, मधली फट ५६ अंशांची. आतली चकती हबला पक्की. बाहेरची मोकळी, तिच्यात २२ मिमी त्रिज्येवर तीन चंद्रकोरी खाचा, आणि आतल्या चकतीचे एम-४ (४ मिमी जाड) बोल्ट त्या खाचांत ६० अंश सरकतात. पुढे चालवलं की बोल्ट एका टोकाला टेकतात, पाकळ्या फटींवर येतात आणि गोल चाक तयार होतं. उलटं फिरवलं की दुसरं टोक, पाकळीमागे पाकळी, आणि ७० मिमीची मोकळी फट पायरीची धार पकडायला तयार.

दोन चकत्या कायमच्या आलटूनपालटून का बसवत नाही, असं पुष्कळांनी विचारलं. ओम्नी चाकात (कडेला छोटे रोलर असलेल्या) तसं चालतं. इथे पायरीची धार दोन्ही चकत्यांना आडवी जाते, म्हणून तिला दोन पंखे दिसतच नाहीत, एक अख्खं गोल चाक दिसतं. पकड गेली. आणि कायमचं उघडं ठेवलं तर प्रत्येक फटीवर आस ८.८ मिमी खाली जातो. १०० आरपीएमला सेकंदाला पाच दणके. जमिनीपासून ५ मिमीवर टांगलेला, पांढरी पट्टी बघणारा लाइन सेन्सर त्यात काय वाचणार? अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने झुरळाच्या चालीवरून ‘व्हेग्स’ हे चाक-पायांचे रोबो बनवले, त्यात हा उसळीचा प्रकार आहेच. झुरळाला पांढऱ्या पट्टीवरून जायचं नसतं, एवढाच फरक.

तर ब्रेकचं दुखणं. मोटर मंदावली की आतली चकती मंदावते. रोबो पुढे जातच असतो, आणि त्या क्षणी जमिनीवर बाहेरच्या चकतीची पाकळी असेल तर ती मोकळी असल्यामुळे पुढे निघते. बंद स्थितीत पाकळ्या फटीवर दोन्ही बाजूंना जेमतेम ४ अंश चढलेल्या असतात. तेवढी सरकली की फट दिसायला लागते, पुढचं काम वजन करतं.

पहिला उपाय नमद्याचा वॉशर. वाया. ब्रेकला पुरेल इतका घट्ट केला की उलटं फिरवल्यावरही चकती सरकत नाही. घर्षण दोन्ही दिशांना सारखंच अडवतं, हे आधी कळायला हवं होतं.

दुसरा उपाय चुंबक, आणि हा चालतो. निओडिमियमची ६×३ मिमीची टिकली, खाचेच्या फक्त बंद टोकाला, म्हणजे चाक गोल असताना बोल्ट टेकतो त्या. बोल्ट तिथे आला की धरून ठेवायचं. उघड्या टोकाला चुंबक नको, चढताना मोटरचा जोरच बोल्टला तिथे दाबून ठेवतो. यात चुकण्याच्या जागा:

बोल्ट साधा लोखंडी हवा. दुकानदार प्रेमाने स्टेनलेस काढून देतो, गंज लागत नाही म्हणून. ३०४ स्टेनलेसला चुंबक जवळपास विचारतच नाही. सांगलीच्या गणपती पेठेत घेताना खिशात एक टिकली ठेवा आणि काउंटरवरच लावून बघा.

टिकली उघडी ठेवू नका. ६० अंश धावत आलेला बोल्ट तिचे तुकडे करतो. खाचेच्या टोकामागे ३ मिमी रुंद, ६ मिमी लांब वेगळी चीर करून टिकली तिच्यात उभी बसवा आणि मध्ये एचडीपीईची (चकतीच्याच प्लास्टिकची) भिंत राखा. चकत्या भाजी चिरायच्या १० मिमी बोर्डाच्या आहेत. एचडीपीईला कुठलाही गोंद धड धरत नाही, त्यामुळे वरून ॲक्रिलिकची पट्टी स्क्रूने. सोल्डरिंग आयर्नने प्लास्टिक वितळवून चीर बंद करायचा मोह आवरा, साधं निओडिमियम ८० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की ताकद गमावतं.

खरी किल्ली त्या भिंतीच्या जाडीत आहे. हिशेब असा: एका चाकावर दीड किलो, रबराची पकड (घर्षणांक) ०.७ धरली तर कडेला साधारण एक किलोचा जोर मिळतो. २२ मिमीवर तोच साडेतीन किलोच्या आसपास होतो. चुंबकांची एकूण धर यापेक्षा कमी हवी, नाहीतर चाक उघडणारच नाही, आणि ब्रेकच्या झटक्यापेक्षा जास्त हवी. २ मिमी भिंतीला प्रत्येक ब्रेकला उघडतं. अर्ध्या मिमीला पायरीसमोर गोलच्या गोल राहून धडका मारतं. तिन्ही खाचांत १ मिमी भिंत आणि पीडब्ल्यूएम (मोटरचा वेग ठरवणारा सिग्नल) ३०० मिलिसेकंदांत उतरवलेला, इथे बसलं. मोजायला ताणकाटा घ्या, पाकळीच्या कडेला अडकवून ओढा. ७०० ग्रॅमच्या आसपास ‘टक्’ करून सुटलं पाहिजे. तो टक् ऐकायला फार बरा वाटतो.

सांगलीकरांसाठी खास सूचना. मार्केट यार्डाजवळच्या गोदामात सराव असेल तर फरशीवर हळदीची भुकटी असतेच. पकड घसरून एका किलोची सहाशे ग्रॅम व्हायला दोन फेऱ्या पुरतात, मग ७०० ग्रॅमला लावलेलं चाक उघडणार कसं? ओलं फडकं जवळ ठेवा. चाकावरची रबरी ट्यूब पिवळी झाली की दिसते छान, कामाची नसते.

ट्यूबवरून आठवलं, धावेचा प्रश्न सुटला. चकतीची त्रिज्या ६७ मिमी, त्यावर हवाई चपलेच्या तळव्याची ६ मिमी पट्टी, वरून मोटरसायकलच्या ट्यूबचा २ मिमी थर, बरोब्बर ७५. ट्यूब ३५ मिमी रुंद कापून दोन्ही बाजूंना दुमडली आणि २ मिमीच्या भोकांतून नायलॉन दोऱ्याने शिवली. शिवण बाजूला राहते, जमिनीला लागत नाही. हे काम बसस्टँडबाहेर चपला शिवणाऱ्या काकांना द्या, दाभण त्यांच्या हातातच शोभतं. दोन चकत्यांमध्ये मात्र ६ मिमी अंतर ठेवा, नाहीतर दोरे एकमेकांना घासून तुटतात. मोटरला चाक जोडणाऱ्या तयार कपलिंगचं भोक मध्यावर असेलच असं नाही. कुपवाड एमआयडीसीत लेथवर हब करून घेतलेला परवडतो, ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा) ६ मिमी शाफ्टच्या सपाट बाजूवरच.

उरलं जागच्या जागी वळणं. एक बाजू उलटी फिरते, म्हणून तेवढीच बाजू उघडते. डावीकडे गोल, उजवीकडे पंखा, आणि रोबो लग्नाच्या वरातीत नाचल्यासारखा. चुंबक वाढवून भागणार नाही. असं वळताना चाकं आडवी घासतात, जोर पकडीच्या कमाल मर्यादेला जातो, आणि ती मर्यादा चुंबकापेक्षा जास्त ठेवणं तर आपल्याला भागच आहे. पुढच्या वेळी एक बाजू थांबवून दुसरीने वळायचं असं ठरलं होतं.

पण हे लिहिता लिहिता लक्षात आलं की पायरी पकडते ती पाकळीच्या आकाराने, रबराने नाही. मग चढताना मागे राहणाऱ्या, म्हणजे एरवीच्या पुढच्या, जोडीला ट्यूब हवीच कशाला? ती काढून गुळगुळीत पीव्हीसी टेप लावला तर ती जोडी वळताना सहज घसरेल, फिरायचं केंद्र दुसऱ्या जोडीवर जाईल. पकड कमी झाल्यामुळे तिथली धरही कमी लागेल: एकच चुंबक, काटा २०० ग्रॅमवर. ट्यूब गेल्याने कमी होणारे २ मिमी चपलेच्या पट्टीत भरून काढायला हवेत, नाहीतर रोबो पुढे झुकून सेन्सर जमिनीला लागेल. घरात ८ मिमी तळव्याची चप्पल शोधणं चालू आहे. जोडीतली एक पुरते.