मॉरोविंडमधली वाट आणि ऑब्लिव्हिअनमधला बाण

‘द एल्डर स्क्रोल्स’ या व्हिडिओ गेमच्या मालिकेतील तिसरा गेम ‘मॉरोविंड’ मे २००२ मध्ये आला आणि चौथा, ‘ऑब्लिव्हिअन’, मार्च २००६ मध्ये. दोन्ही बेथेस्डा या कंपनीचे, दोन्हींचे प्रमुख डिझायनर केन रोल्स्टन, दोन्हींचे संगीत जेरेमी सोल यांचे, आणि दोन्हींची सुरुवात एका अनोळखी कैद्यापासून होते. तरीही एक संपवून लगेच दुसरा सुरू केला, तर आपण वेगळ्याच विचाराच्या माणसांनी बनवलेला खेळ खेळत आहोत, असे वाटत राहते. या फरकाची चर्चा बहुधा ग्राफिक्सपासून सुरू होते आणि तिथेच थांबते. माझ्या मते खरा फरक एका साध्या प्रश्नात आहे: अमुक ठिकाण कुठे आहे, हे खेळाडूला कसे कळते?

मॉरोविंडमध्ये ते माणसांना विचारून कळते. व्हार्डनफेल बेटावरच्या सेडा नीन या चिखलट बंदरात आपल्याला जहाजातून उतरवले जाते, कागदपत्रे तयार होतात, आणि बाल्मोरा शहरातल्या कायस कोसाडेस नावाच्या माणसाकडे एक पाकीट पोहोचवण्याचा हुकूम मिळतो. त्याचे घर नकाशावर दाखवलेले नसते. साउथ वॉल नावाच्या गुत्त्यात चौकशी करावी लागते. पुढे आर्कंगथँड या, नामशेष झालेल्या ड्वेमर लोकांच्या भग्नावशेषांतून एक कोड्याची पेटी आणायची असते, तेव्हा फायटर्स गिल्ड या योद्ध्यांच्या संघटनेतला हासफाट आंताबोलिस वाट सांगतो. शहराच्या दक्षिणेकडून बाहेर पडून नदी ओलांडायची, मूनमॉथ किल्ल्यापर्यंत जायचे, तिथून फोयाडा ममाया या लाव्हाच्या जुन्या घळीवरचा ड्वेमरांचा पूल गाठायचा, आणि पलीकडे अवशेष दिसले की दरवाजा उघडण्यासाठी बाहेरच्या नळीवरची कळ फिरवायची. आपल्याकडे आडगावी पारावर बसलेल्या माणसाला पत्ता विचारला, तर तो ज्या रीतीने ओढा, देऊळ आणि वडाच्या खुणा सांगत जातो, तीच ही रीत आहे. त्यामुळे आपण चालत असतो तेव्हा आपली नजर पडद्याच्या कोपऱ्यावर नसून पूल, किल्ला आणि डोंगराची कड शोधत असते.

या सूचना नेहमीच नीट असतात असे नाही. काही अपुऱ्या आहेत, काही सरळ दिशाभूल करणाऱ्या आहेत, आणि मूळ गेममधली रोजनिशी केवळ तारखेच्या क्रमाने लिहिली जात असल्यामुळे दोन आठवड्यांपूर्वीची एखादी नोंद शोधणे हे स्वतंत्र काम होऊन बसते. ‘ट्रायब्युनल’ या विस्ताराने कामांनुसार नोंदी पाहण्याची सोय दिली, ती अत्यंत आवश्यक होती. हा त्रास खराच आहे आणि तो मी गुण म्हणून मांडणार नाही. पण त्याच पद्धतीतून जे निघते ते दुसऱ्या कशातून निघत नाही. कथेच्या मध्यावर उर्शिलाकू जमातीकडून एका पवित्र गुहेविषयी कोडे मिळते, आणि ते कोडे वाऱ्याच्या दरीतल्या खडकांशी ताडून पाहिल्यावर, पहाटे किंवा तिन्हीसांजेलाच उघडणारा दरवाजा आपल्याला सापडतो. खेळ तिथे आपल्याला काहीही दाखवत नाही. त्या दारासमोर उभे असताना ते आपण शोधले आहे याबद्दल मनात शंका उरत नाही.

प्रवासाचीही हीच गोष्ट. मॉरोविंडमध्ये नकाशावर टिचकी मारून कुठेही पोहोचता येत नाही, परंतु प्रवासाची साधने विपुल आहेत: सिल्ट स्ट्रायडर नावाचे प्रचंड कीटक, ज्यांच्या पोखरलेल्या पाठीत प्रवासी बसतात, किनाऱ्याने जाणाऱ्या होड्या, मेजेस गिल्ड या जादूगारांच्या संघटनेच्या एका शाखेतून दुसऱ्या शाखेत पाठवणारे मार्गदर्शक, सर्वांत जवळच्या मंदिरात नेऊन सोडणारे मंत्र, आणि एखादी जागा मनाशी खूण करून ठेवून तिथे परतण्याचे ‘मार्क’ व ‘रिकॉल’. यांतले कोणतेही साधन सगळीकडे नेत नाही. कोणत्या गावातून कुठे जाता येते आणि कुठे साधन बदलावे लागते, हे हळूहळू पाठ होत जाते, आणि ते पाठ झाले की बेट ओळखीचे होते. हवेत तरंगण्याचा मंत्र तर या जगाच्या बांधणीतच गृहीत धरलेला आहे. तेलव्हानी घराण्याचे जादूगार प्रचंड कवकांच्या मनोऱ्यांत राहतात आणि त्यांच्या दालनांकडे जायला जिने नसतात. ज्याला उडता येत नाही त्याच्याशी बोलण्याची त्यांना गरजच वाटत नाही. एका घराण्याचा सारा उर्मटपणा एका शब्दाशिवाय, निव्वळ वास्तुरचनेतून सांगितलेला मी अन्य कोणत्या गेममध्ये पाहिलेला नाही.

ऑब्लिव्हिअनमध्ये सम्राट युरिएल सेप्टिम आपल्याच कोठडीतल्या गुप्त वाटेने पळू पाहतो, मारेकऱ्यांच्या हातून मरतो, आणि मरण्यापूर्वी राजचिन्ह असलेले लॉकेट आपल्या हाती देतो. गटारातून बाहेर पडताच समोर सरोवर, हिरवे डोंगर आणि पांढरे अवशेष दिसतात, आणि हे दृश्य आजही सुंदर वाटते. त्याच क्षणी पडद्याच्या तळाशी होकायंत्राची पट्टी असते आणि तिच्यावर कुठे जायचे ते दाखवणारा बाण. नकाशावर जवळजवळ सारी मोठी शहरे आधीच खुली असतात. एक टिचकी, आणि आपण कोरोल शहराच्या वेशीवर.

हा निर्णय केवळ आळशी खेळाडूंच्या सोयीसाठी घेतला, असे जुने चाहते म्हणतात. मला ते पटत नाही. मला तो एका साखळीतला दुवा वाटतो. मॉरोविंडमधील संवाद बहुतांशी लिखित आहेत. आवाज फक्त अभिवादनापुरता आणि लढाईतल्या ओरडण्यापुरता ऐकू येतो. ऑब्लिव्हिअनमध्ये प्रत्येक वाक्य कलाकाराकडून बोलून घेतलेले आहे: सम्राटाला पॅट्रिक स्टुअर्ट यांचा आवाज आहे, त्याचा मुलगा मार्टिन याला शॉन बीन यांचा. बोललेले प्रत्येक वाक्य पैसे आणि डिस्कवरील जागा घेते, शिवाय एकदा ध्वनिमुद्रित झाले की बदलणे अवघड. मग ओढे आणि पूल सांगत बसणारी लांबलचक उत्तरे परवडत नाहीत, पात्रे “तुझ्या नकाशावर खूण करून देतो” एवढेच म्हणतात, आणि खूण असल्यामुळे बाण लागतो. दुसरी साखळी शहरांची. ऑब्लिव्हिअनमधली तटबंदीची शहरे बाहेरच्या जगापासून वेगळी लोड होतात. भिंतीवरून उडत कोणी आत आला, तर त्याला तिथे शहर सापडणारच नाही. म्हणून तरंगण्याचा मंत्र गेला. ‘मार्क’ आणि ‘रिकॉल’ही गेले, आणि नकाशावरची टिचकी हाच प्रवास झाला.

सर्वांत जास्त नुकसान मात्र लेव्हल स्केलिंगने, म्हणजे खेळाडूच्या लेव्हलनुसार जगाची ताकद बदलण्याच्या पद्धतीने केले. मॉरोविंडमध्ये शत्रूंचा काही भाग आपल्या लेव्हलनुसार बदलतो, पण महत्त्वाच्या जागा आणि वस्तू हाताने मांडलेल्या आहेत. कुठल्या गुहेत जाऊ नये हे मार खाऊनच कळते. सुरानजवळच्या टेकडीवर अंब्रा नावाचा एक ऑर्क योद्धा मृत्यूची वाट पाहत उभा असतो; पहिल्याच दिवशी त्याच्याशी लढलात तर मराल, आणि पुष्कळ काळाने परत आलात तर त्याची प्रसिद्ध तलवार तुमची. ऑब्लिव्हिअनमध्ये जवळजवळ सारे जग आपल्याबरोबर मोठे होते. सुरुवातीला फाटक्या कातडी चिलखतात असलेले डाकू पुढे काचेच्या चिलखतात दिसू लागतात, आणि हजारोंच्या मोलाचे चिलखत घातलेला वाटमाऱ्या आपल्याकडे फक्त शंभर नाणी मागतो. जळालेल्या क्वाच शहराला वाचवायला उशिरा गेलात, तर काम सोपे होण्याऐवजी कठीण झालेले असते. अनेक बक्षिसांची ताकद ती मिळाली त्या वेळच्या लेव्हलवर कायमची ठरते, म्हणून लवकर आणि मन लावून खेळणाऱ्याला दुबळी तलवार मिळते. वाढण्याचा आनंदच काढून घेणारी ही रचना आहे. तिच्यावर उपाय करणारे मॉड, म्हणजे खेळाडूंनी स्वतः केलेले बदल, इतक्या लवकर आणि इतक्या संख्येने निघाले, यातच खेळाडूंचा निवाडा दिसतो.

संघटनांबाबतही तोच कल आहे. मॉरोविंडमध्ये ह्लालू, रेडोरान आणि तेलव्हानी यांपैकी एकाच घराण्यात जाता येते, आणि बढतीसाठी ठरावीक कौशल्ये अंगी असावी लागतात. कामे कितीही केली तरी कौशल्याशिवाय वरची पायरी मिळत नाही. ऑब्लिव्हिअनमध्ये जादूचा गंध नसलेला योद्धा मेजेस गिल्डचा प्रमुख होऊ शकतो, आणि तोच फायटर्स गिल्डचाही. कौशल्ये २७ वरून २१ झाली. भाला गेला आणि कुऱ्हाड बोथट शस्त्रांत जमा झाली.

लढाईत मात्र ऑब्लिव्हिअन निर्विवादपणे पुढे आहे. मॉरोविंडमध्ये तलवार शत्रूच्या अंगातून गेलेली दिसते आणि तरीही वार लागत नाही, कारण निकाल कौशल्य, थकवा आणि नशिबाच्या गणितावर ठरतो. नव्या खेळाडूंपैकी पुष्कळ जण पहिल्या तासातच इथून निघून जातात आणि त्यांना दोष देता येत नाही. ऑब्लिव्हिअनमध्ये वार लागला की लागला. ढालीचा धक्का हाताला जाणवतो आणि धनुष्य खरोखर वापरावेसे वाटते.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माणसांचा दिनक्रम. मॉरोविंडमधली माणसे दिवसरात्र एकाच जागी उभी असतात. ऑब्लिव्हिअनमध्ये ती उठतात, कामाला जातात, जेवतात, प्रार्थनागृहात जातात आणि रात्री दार लावून झोपतात. ही यंत्रणा कधी हास्यास्पद वागते, आणि भिकारी एका वाक्यात खोकरा तर पुढच्या वाक्यात स्वच्छ आवाज काढतो, हेही खरे. पण जिथे लेखकांनी तिचा नीट उपयोग केला तिथे मॉरोविंडला कधीच जमले नसते असे काही घडते. स्किनग्रॅड शहरात ग्लार्थिर नावाचा एक संशयी एल्फ आहे. शेजारी आपल्याविरुद्ध कट करत आहेत अशी त्याची खात्री असते, आणि तो मध्यरात्री प्रार्थनागृहामागे बोलावून त्यांच्यावर पाळत ठेवायला सांगतो. आपण दिवसभर एका बाईच्या मागे फिरतो. ती काम करते, घरी जाते, झोपते; संशयास्पद काहीच नाही. मग त्याला खरे सांगायचे की त्याला ऐकायचे आहे ते सांगायचे, हे आपल्यावर आहे, आणि हो म्हटले तर तो त्यांना मारण्याचे काम आपल्याकडेच सोपवतो. एका सामान्य माणसाचा सामान्य दिवस पाहणे हाच इथे खेळ आहे, आणि दिनक्रमाशिवाय ही गोष्ट लिहिताच आली नसती. डार्क ब्रदरहुड या मारेकऱ्यांच्या संघटनेची एक कामगिरीही याच तोडीची आहे, ज्यात पाच पाहुण्यांबरोबर एका बंद घरात राहून त्यांचा काटा काढायचा असतो. एकेका स्वतंत्र कथेच्या बांधणीत ऑब्लिव्हिअनचे लेखक मॉरोविंडच्या लेखकांपेक्षा सरस आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु जग म्हणून पाहिले, तर मॉरोविंडची बरोबरी नाही. अल्ड्रूनमध्ये रेडोरानांचे सरदार एका महाकाय मृत खेकड्याच्या कवचात राहतात. देव मानला जाणारा व्हिव्हेक स्वतःच्या नावाच्या शहरात राहतो, आणि त्या शहरावर एक प्रचंड खडक अधांतरी लटकतो, ज्याला पाखंड्यांचा तुरुंग बनवले आहे. कथेच्या मुळाशी असलेल्या नेरेव्हार या प्राचीन वीराचा मृत्यू कसा झाला याचे अनेक परस्परविरोधी वृत्तांत पुस्तकांतून आणि तोंडून मिळतात आणि गेम शेवटपर्यंत एकाही वृत्तांतावर शिक्कामोर्तब करत नाही. ऑब्लिव्हिअनमधला सिरोडील हा प्रांत त्यामानाने हिरवागार, सुंदर आणि पुष्कळसा परिचित आहे. त्याच मालिकेच्या जुन्या मजकुरात त्याचे वर्णन घनदाट जंगलाचा प्रदेश असे होते. २००७ च्या ‘शिव्हरिंग आइल्स’ या विस्तारात वेडाच्या देवाचे बेट आले, दोन भागांत विभागलेले, आणि विलक्षणपणाची जुनी भूक तिथे पुन्हा दिसली.

खेळाडूच्या चुकीविषयीची दोन्हींची भूमिका मला विशेष बोलकी वाटते. मॉरोविंडमध्ये कथेला आवश्यक असलेला माणूसही मारता येतो. मग भविष्यवाणीचा धागा तुटल्याचा संदेश येतो, आणि जुना सेव्ह उघडा किंवा आपण निर्माण केलेल्या या अभागी जगात पुढे जगा, असे सांगितले जाते. तरीही गेम दार पूर्ण बंद करत नाही: व्हिव्हेकलाही मारून, त्याच्याजवळची वस्तू शेवटच्या जिवंत ड्वेमरकडे नेऊन, आडवाटेने शेवट गाठता येतो. ऑब्लिव्हिअनमध्ये असा माणूस बेशुद्ध पडतो आणि काही वेळाने उठून उभा राहतो.

एप्रिल २०२५ मध्ये ऑब्लिव्हिअनची नवी आवृत्ती आली. तिचे दृश्यरूप अनरियल इंजिन ५ मध्ये नव्याने घडवले आहे, लेव्हल वाढवण्याची पद्धतही सुधारली आहे, पण बाण तसाच आहे. तो कोणी मॉडने काढून टाकला तरी मॉरोविंड हाती लागत नाही, कारण तो लपवल्यावर संवादांत पाहायला जावे तर बहुतेक ठिकाणी तिथे वाट सांगितलेलीच नसते. जे ऑब्लिव्हिअनपासून सुरुवात करून मग मागे जाणार असतील, त्यांनी सेडा नीनमधून निघताना सिल्ट स्ट्रायडरने न जाता बाल्मोरापर्यंत पायी जावे आणि रस्त्यावरच्या पाट्या वाचत राहाव्यात. त्या पाट्यांवर खरोखर गावांची नावे लिहिलेली आहेत आणि त्या बरोबर दिशा दाखवतात.