विजेचा दर बांधून घ्यावा का?

महावितरणच्या घरगुती ग्राहकाला दर निवडण्याची सोय नाही. वीज नियामक आयोग जो दर ठरवील तो, आणि त्यावर महिन्यागणिक बदलणारा इंधन समायोजन आकार, असे बिल येते आणि ते भरावे लागते. तरीही गेले काही महिने नागपूरच्या मनीषनगरातील आमच्या घरी जी चर्चा चालली आहे ती दर बांधून घेण्याचीच आहे, कारण गच्चीवर सौर पॅनेल बसवणे म्हणजे हिशेबाच्या दृष्टीने पुढच्या पंचवीस वर्षांतील काही युनिटांची किंमत आजच मोजून टाकणे होय. विक्रेते या व्यवहाराला ‘शून्य बिल’ म्हणतात. मला ते नाव दिशाभूल करणारे वाटते, कारण बिल शून्यावर आणण्याच्या हट्टापायी माणूस गरजेपेक्षा मोठा संच घेऊन बसतो.

माझा भाचा इंग्लंडात रेडिंगला राहतो. तेथे वीजपुरवठा कंपन्या वर्ष-दोन वर्षांसाठी ठरावीक दर देऊ करतात, आणि जो ग्राहक तो घेत नाही त्याला ऑफजेम ही नियामक संस्था दर तीन महिन्यांनी जी कमाल मर्यादा ठरवते तिच्या आतला बदलता दर लागतो. ही मर्यादा युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्थिर आकारावर असते, एकूण बिलावर नसते, हे त्याने मला दोनदा समजावून सांगितले. ‘मावशी, मी दर बांधला आणि नंतर भाव उतरले, तर थोडा दंड भरून बाहेर पडता येते,’ असे तो म्हणतो. माझी अडचण नेमकी तेथेच आहे. पॅनेल एकदा चढवले की बाहेर पडण्याचा दरवाजा नाही. म्हणून निर्णय घेण्यापूर्वी मला बिलाची दुसरी बाजूही वाचावी लागली.

आपल्याकडील घरगुती दर टप्प्यांचा आहे. पहिल्या शंभर युनिटांना एक दर, १०१ ते ३०० युनिटांना त्याच्या दुपटीहून अधिक, आणि ३०१ ते ५०० युनिटांना पहिल्याच्या जवळपास तिप्पट. त्यावर युनिटमागे वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत वाहून आणण्याचा खर्च, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. सगळे धरून पहिल्या टप्प्यातील युनिट सहा-सात रुपयांना पडते आणि दुसऱ्या टप्प्यातील तेरा रुपयांच्या आसपास. याचा अर्थ असा की घरात वाचणारे प्रत्येक युनिट सारख्या किमतीचे नसते. सौर संचाने आधी महाग युनिटे कापली जातात, आणि संच जसजसा वाढवावा तसतशी स्वस्त युनिटे कापली जाऊ लागतात.

आमचा वापर नागपूरच्या हवामानाप्रमाणे हलतो. हिवाळ्यात महिन्याला सव्वाशे युनिटांच्या आसपास, पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दमट दिवसांत दोनशेच्या थोडा वर, आणि एप्रिल ते जून या तीन महिन्यांत पावणेचारशेच्या घरात. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर कोरड्या उन्हात उत्तम चालतो आणि वीजही बेताची घेतो. पण नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सासूबाईंच्या खोलीत एसी लावल्यावाचून गत्यंतर नसते, आणि पाऊस सुरू झाला की कूलर नुसती ओल पसरवतो. वर्षाची बेरीज २,७०० युनिटांच्या जवळ जाते. एक किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी चार युनिटे देतो असे ढोबळमानाने धरतात. धूळ आणि ढगाळ दिवसांची वजावट केल्यावर दोन किलोवॅटच्या संचातून आमच्या वर्षाच्या वापराइतकीच वीज निघते.

येथे विक्रेत्याने मला सांगितले, ‘काकू, तीनच घ्या, उन्हाळ्यात कामी येईल.’ पंतप्रधान सूर्यघर योजनेचे अनुदान पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये आहे, आणि ही ७८ हजारांची रक्कम सगळ्यांच्या तोंडी असल्यामुळे तीन किलोवॅट हाच जणू नियम झाला आहे. मात्र नेट मीटरच्या, म्हणजे घेतलेली आणि दिलेली अशी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरच्या, हिशेबात एक तारीख फार महत्त्वाची आहे. आपण ग्रीडला, म्हणजे महावितरणच्या वीजजाळ्याला, दिलेली जादा युनिटे पुढच्या महिन्यांत वळती होतात ती फक्त आर्थिक वर्ष संपेपर्यंत. ३१ मार्चला जी शिल्लक उरते तिचे पैसे मिळतात, परंतु आपण ज्या दराने वीज घेतो त्याच्या मानाने अगदी कमी दराने. नागपुरात डिसेंबर ते मार्च आकाश स्वच्छ, ऊन भरपूर आणि वापर सर्वांत कमी असतो, म्हणजे शिल्लक साठते ती याच दिवसांत. आणि उन्हाळ्याचे पहिले मोठे बिल तयार होऊ लागते तेव्हा खाते कोरे झालेले असते. ही तारीख ठरवताना विदर्भाचा उन्हाळा कोणाच्या डोळ्यांसमोर नसावा.

त्यात मे महिन्याचे ऊन पॅनेलला वाटते तितके मानवत नाही. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यावरच्या प्रत्येक अंशाला सुमारे एक-तृतीयांश टक्का उत्पादन घटते. ज्या शहरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली, तेथे दुपारी काच किती तापत असेल याची कल्पना करावी. फेब्रुवारी-मार्चचे ऊन त्या मानाने अधिक कामाचे, आणि तेच हिशेबात वाया जाणारे.

म्हणून मी कागदावर दोन्ही संच मांडले. दोन किलोवॅट घेतल्यास एप्रिल ते जूनमध्ये आम्हाला महिन्याला सव्वाशे-दीडशे युनिटे विकत घ्यावी लागतील, आणि त्यांतील पहिली शंभर स्वस्त टप्प्यातील असतील. तिसरा किलोवॅट घेतल्यास ही स्वस्त युनिटे वाचतील, आणि उरलेले वर्षभर तो बहुतांशी कमी दराने विकायची वीज तयार करील. अनुदान वजा जाता त्याला चाळीस हजारांच्या आसपास लागतात. हा पैसा मला छतावर घालावासा वाटत नाही.

दोन किलोवॅटचा बांधलेला दर किती, हेही काढले. मला मिळालेली किंमत एक लाख तीस हजारांच्या आसपास आहे. अनुदान वजा जाता सत्तर हजार. विक्रेत्यांच्या तक्त्यात एक रकाना कधीच नसतो, तो म्हणजे हेच पैसे मुदत ठेवीत राहिले असते तर मिळाले असते त्या व्याजाचा. ते सात टक्के धरले, पंचवीस वर्षांत एकदा बदलावा लागणारा सौर संचाचा इन्व्हर्टर धरला, आणि कमी दराने जाणारी मार्चअखेरची युनिटे वगळली, तर खरोखर उपयोगी पडणारे युनिट सव्वाचार रुपयांच्या आसपास पडते.

आता दर उतरलेच तर? हा प्रश्न पोकळ नाही. जून २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पहिल्या वर्षी १० टक्के आणि पाच वर्षांत २६ टक्के दरकपात जाहीर केली होती. पण त्याच वर्षी आयोगाने २८ मार्चला पाच वर्षांसाठी दिलेला दर-आदेश महावितरणच्या अर्जावरून स्थगित झाला आणि २५ जूनला सुधारित आदेश आला. पाच वर्षांचा दर तीन महिनेही टिकत नसेल, तर त्यातील कपातीवर मी पंचवीस वर्षांचा निर्णय सोडणार नाही. शिवाय पूर्ण २६ टक्के उतरले तरी पहिल्या टप्प्यातील युनिट पाच रुपयांच्या खाली फारसे जाणार नाही, आणि दुसऱ्या टप्प्याचे तर बोलायलाच नको. धास्ती वाटते ती स्थिर आकाराची. तो पॅनेल लावल्यानंतरही भरावा लागतो, आणि उद्या युनिटचा दर घटवून हा आकार वाढवला तर माझा हिशेब बिघडेल. कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या राखेजवळ राहून वीज राज्यभराच्याच दराने घ्यायची, ही आपल्याकडची जुनी खंत आहे. तिला आयोगाच्या तक्त्यात रकाना नाही.

दोन गोष्टी राहतात. ग्रीडला जोडलेला साधा संच वीज गेली की सुरक्षेसाठी आपोआप बंद पडतो, त्यामुळे घरचा बॅटरीचा इन्व्हर्टर विकायचा नाही. आणि आमच्या दक्षिणेचा भूखंड मोकळा आहे. मनीषनगरात मोकळा भूखंड म्हणजे उद्याची फ्लॅट स्कीम, आणि एका पॅनेलवर सावली पडली तरी त्याच साखळीतील इतरांचे उत्पादन घसरते. म्हणून पॅनेल दक्षिणेच्या कठड्यापासून जितकी मागे नेता येतील तितकी न्यायची आणि सांगाडा उंच घ्यायचा, असे ठरले. खाली कुरड्या-सांडग्यांच्या वाळवणाला जागा उरेल ही सासूबाईंची अटही त्यातच भागते.

तेव्हा दोन किलोवॅट घ्यायचे. योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत असल्याने फार थांबता येणार नाही, पण दिवाळीपूर्वीच संच सुरू करण्याची घाईही नाही, कारण तसे केल्यास पहिल्याच हिवाळ्याची शिल्लक ३१ मार्चला मातीमोल होईल. अर्ज जानेवारीत करायचा आणि नेट मीटर मार्चच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत लागेल असे बघायचे.