ब्लोअर २ दिवसांत बसला, रेडिएटरला २६ दिवस लागले

आधीच सांगतो, जिप्सीला सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा ब्लोअर, लावणं एवढं काय कठीण नाही. कठीण आहे ते भर आंब्याच्या सीझनमध्ये रत्नागिरीत रेडिएटर कामाला देऊन तो परत मिळवणं. त्या २६ दिवसांचा राग अजून पुरता उतरलेला नाही म्हणून हे लिहायला बसलोय, मधेमधे कामाचं काय आठवेल ते सांगत जाईन.

गाडी जिप्सी किंग, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाली), १२९८ सीसी, कागदावर ८० बीएचपी. मागचे बाक काढले की हौदाच तो, २० पेट्या आरामात बसतात. वेड डोक्यात शिरलं ते फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंगमुळे, ती १९९९ ते २००४ मधली, ५.४ लिटरचं व्ही-८, त्यावर ईटनचा ब्लोअर आणि ब्लोअरच्या खाली पाण्याने थंड होणारा इंटरकूलर (दाबून तापलेली हवा थंड करणारा), सगळं कंपनीतूनच. म्हणजे माल वाहायची गाडी आणि वर सणसणीत पळणारी. तेवढं इंजिन ठेवायला आमचा अख्खा मांगर रिकामा करावा लागेल ते सोडा, पण कल्पना तीच.

ब्लोअर मिळाला जुना, ऐसिनचा एएमआर ५००, मुंबईत ओळखीतून. एका फेऱ्याला ५०० सीसी हवा ढकलतो. आपलं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं, म्हणजे १३०० चं इंजिन एका फेऱ्याला ६५० सीसी मागणार. पुली अशी केली की इंजिनाच्या एका फेऱ्याला ब्लोअरचे जवळपास दोन फेरे होतात, म्हणजे मागितली त्यापेक्षा जास्त हवा जबरदस्तीने आत जाते, गळती वगैरे वजा जाऊन गेजवर ६ पीएसआय दाब दिसतो. ब्रॅकेट लेथवाल्याने केलं, बसवायला २ दिवस, ट्युनिंग पुण्याच्या मुलाने येऊन एका दिवसात केलं, ठिणगीचं टायमिंग थोडं मागे आणि पेट्रोल थोडं जास्त. ९५ ऑक्टेनचं पेट्रोल मिळालं तर तेच टाका, नायतर चढावर नॉकिंगची (पेट्रोल आपोआप अवेळी पेटल्याची) टकटक सुरू होते आणि ती दुर्लक्षित केलीत तर पिस्टन जाणार. झालं, शिमग्याच्या आधी गाडी तयार. मालगुंडहून रत्नागिरीला निघालो तर आरे-वारेचा चढ तिसऱ्यावर चढली, मी एकटाच गाडीत हसत होतो.

आता उष्णतेचं. हवा दाबली की तापते, सायकलला पंप मारताना खालची नळी हाताला चटका देते तेच. त्यात हे रूट्स टाइपचे ब्लोअर म्हणजे मूळ १८६० चं पेटंट, भट्टीत वारा मारायला काढलेलं यंत्र, ते हवा आत नीट दाबत नाही, नुसती पुढे रेटतं, त्यामुळे जास्तच तापवतं. बाहेर ३५ अंश असेल तर ६ पीएसआयलाच ब्लोअरच्या तोंडाशी हवा नव्वद-शंभरला पोचते. ती तशीच इंजिनात गेली तर ब्लोअर लावून मिळवलेलं अर्धं तिथेच गेलं. म्हणून मी पाण्याचा छोटा इंटरकूलर लावला, त्याला वेगळं पाणी, वेगळा १२ व्होल्टचा पंप आणि ते पाणी थंड करायला रेडिएटरच्या पुढे एक पातळ जाळी. जिप्सीला एसी नाही त्यामुळे कंडेन्सर नाही, पुढे जागा मोकळी, मी खुश. पण त्या जाळीतून तापून निघालेली हवाच मागे मेन रेडिएटरला मिळते, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात २० पेट्या भरून कोल्हापूरला निघालो. पाली, नाणीज, साखरपा, मजेत. कंपनीचा तापमानाचा काटा सोडा, तो मधोमध बसून असतो आणि एकदम उठतो, मी वेगळा डिजिटल गेज लावलाय, तो सपाटीवर ९० दाखवत होता. आंबा घाट लागला, पुढे उसाचा रिकामा ट्रक, दुसऱ्या गिअरात वीसच्या स्पीडने त्याच्या मागे, आणि आकडा चढायला लागला, ९८, १०३, १०८. कडेला घेतली, इंजिन बंद न करता बॉनेट उघडून उभा राहिलो. उतरायला पंधरा मिनिटं लागली. वरपर्यंत असे तीन थांबे झाले, त्यात एका थांब्याला माकडाने पेटीच्या गवतात हात घातला.

परत आल्यावर सगळ्यांनी एकच सांगितलं, रेडिएटरचा दोन रोचा कोअर (मधला नळ्यांचा गाभा, रो म्हणजे नळ्यांची रांग) काढून तीन रोचा टाक. गॅरेजवाला तर म्हणाला थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून फेकूया, हे आपल्याकडचं राष्ट्रीय औषध आहे. करू नका. थर्मोस्टॅट काढला की सपाटीवर इंजिन तापतच नाही, ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं गाडी थंड आहे आणि तो पेट्रोल ओतत बसतो, आणि घाटात तर थर्मोस्टॅट तसाही पूर्ण उघडाच असतो, मग काढून मिळवलं काय.

तर रेडिएटर काढला आणि रत्नागिरीत एका रेडिएटरवाल्याकडे नेला. नाव सांगत नाही, माणूस वाईट नाही आणि हाताला सफाई आहे, म्हणून तर सगळे त्याच्याकडे जातात. वयस्कर, सगळे चाचाच म्हणतात. त्यांनी रेडिएटर उलटासुलटा केला, फिनमध्ये (नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांत) बोट घातलं, लाल जांभ्याचा चिखल बाहेर काढून मला दाखवला आणि विचारलं, "पंख्याचं कवर कुठंय?" मी म्हटलं ते काढलंय, ब्लोअरच्या पुलीला लागत होतं. चाचा म्हणाले, "बरं. परवा या, तयार ठेवतो." हे ३ एप्रिलला.

परवा गेलो. गाडी रेडिएटरशिवाय दारात उभी, म्हणजे मी एसटीने, तासभर. दुकान बंद. शेजारच्या पंक्चरवाल्याने सांगितलं चाचा लग्नाला गेलेत, उद्या या. उद्या गेलो तर रेडिएटर मी ठेवला होता त्याच जागी, त्याच कोनात, वर एका रिक्षाचा सायलेन्सर ठेवलेला. "कोअर कोल्हापूरहून मागवलाय, एसटी पार्सलने येतोय, सोमवारी." सोमवारी फोन केला, स्विच ऑफ. मंगळवारी फोन लागला, "पार्सल आलंय, सोडवायचंय." मी म्हटलं मी सोडवतो, स्टँडवरच आहे. पार्सलच्या खिडकीवर अर्धा तास उभा राहिलो, पावती चाचांकडे, पावतीशिवाय देत नाहीत आणि बरोबरच आहे त्यांचं. पावती आणायला दुकानात गेलो तर चाचा जेवायला घरी.

शेवटी पार्सल सुटलं. उघडलं तर कोअर दोन रोचा. मी तिथेच खाली बसलो. चाचा शांत, "चुकून आला. बदलून येईल. उद्या या." मी आवाज चढवला, अगदी नको तेवढा चढवला, तेव्हा त्यांनी मला समोरच्या टपरीवरून चहा मागवला आणि बाजूच्या डंपरच्या रेडिएटरला डाक (वितळलेल्या धातूचा जोड) लावत बसले. त्यांचा राग पण येईना धड, हातात झारी घेतली की माणूस दुसऱ्याच जगात.

इकडे घरी आंबा थांबत नाही. झाडावर तयार झालेला हापूस चाचांच्या उद्यासाठी थांबणार आहे थोडाच. दोन वेळा टेम्पो भाड्याने घ्यावा लागला, भाड्याचा आकडा बाबांनी कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला, रोज दिसेल असा. जेवताना विचारायचे, "मग, विमान कधी उडतंय?" आई मधे पडायची, की अरे होईल, पण तीही हसायचीच. मालगुंड-रत्नागिरी एसटीचा कंडक्टर आता मला न विचारता तिकीट फाडायला लागला होता.

दुसरा कोअर १९ तारखेला आला, तीन रोचा, मापाने अर्धा इंच लांब. रेडिएटरच्या दोन टोकांच्या टाक्या जुन्याच वापरायच्या होत्या, त्यामुळे कडा कापून बसवावं लागणार. मग दोन दिवस लाइट नव्हती. मग पोऱ्या गावी जत्रेला गेला. मग शुक्रवार. मधे एकदा मी सरळ म्हटलं, तसाच परत द्या, जुना लावतो, तर कळलं जुना कोअर कापून झालेला. म्हणजे परतीचा रस्ता बंद. हे लक्षात ठेवा, नवीन कोअर हातात घेऊन मापाला लावून बघितल्याशिवाय जुन्याला हात लावू द्यायचा नाही, मी इथेच फसलो.

२९ एप्रिलला डाक पूर्ण झालं. हवा भरून पाण्याच्या टाकीत बुडवला, एका कोपऱ्यात बारीक बुडबुडे, पुन्हा डाक, पुन्हा बुडवला, आणि मग एकही बुडबुडा नाही. ते निवळ पाणी बघून मला जे वाटलं ते ब्लोअर पहिल्यांदा फिरला तेव्हाही वाटलं नव्हतं. एसटीत मांडीवर घेऊन घरी आणला.

रात्रीच बसवला. पाणी भरताना विहिरीचं ओतू नका, आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने बाहेरून फिन खातात आणि क्षाराच्या पाण्याने आतून नळ्या. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट अर्धं-अर्धं. आपल्याकडे बर्फ पडत नाही मग कूलंट कशाला असं म्हणणारे आहेत, पण ते गंजायला अडवतं आणि उकळी वर नेतं. झाकण पण नवीन घ्या, जुन्याचा रबर गेला की दाब राहत नाही. चांगलं ०.९ बारचं झाकण असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ च्या आसपास उकळतं, दाब नसेल तर शंभरलाच.

१ मेला २० पेट्या, पुन्हा आंबा घाट. ९५. ९९. १०४. १०७.

मी कडेला गाडी लावली आणि खरंच पायरीवर बसून राहिलो. २६ दिवस. बॉनेट उघडं, पंखा जोरात फिरतोय, मी सहज हात धरला तर पंख्याचा वारा रेडिएटरमधून ओढला न जाता बाजूच्या फटीतून गोल फिरून परत पंख्यातच येत होता, गरमच्या गरम. आणि कानात एकदम चाचा, "पंख्याचं कवर कुठंय?"

हायवेला गाडीच्या वेगानेच हवा जाळीतून जाते, कवर नसलं तरी निभावतं. घाटात स्पीड वीस, इंजिन जोरात, ब्लोअर तापलेला, तिथे हवा ओढायचं काम एकट्या पंख्याचं, आणि कवर नसेल तर तो वाटेल तिथून ओढतो. ३ तारखेला माणसाने विचारलं होतं, मी उत्तर देऊन मोकळा झालो होतो.

घरी येऊन कवर शोधलं. मांगरात नाही. आईने ते अबोलीच्या रोपाभोवती लावलेलं, कोंबड्या उकरतात म्हणून. काढून दिलं, पण रोपाला काहीतरी आणून दे म्हणाली. पुलीपुरता खाचा कापला, कडेला जुन्या ट्यूबचं रबर लावून फट बंद केली, पुढची जाळी रेडिएटरपासून दोन बोटं पुढे सरकवली म्हणजे मधे पाइप घालून चिखल धुता येतो. धुताना इंजिनाच्या बाजूने पुढे पाणी मारा, साधा नळाचा पाइप, प्रेशर गनने फिन आडवे होतात. त्यानंतर आंबा घाट पाच वेळा चढलो, ९७ च्या वर आकडा बघितला नाही.

आता बाबा विचारतात जुन्या कोअरवरच कवर लावलं असतं तर? ते मला तपासता येणार नाही, जुना कापला गेलाय, आणि खरं सांगू तर बरंच झालं.

एक राहिलंच, हे खरं सगळ्यात आधी यायला हवं होतं. आरसीवर जे लिहिलंय त्याच्याशी गाडी जुळली पाहिजे असं मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं, तेव्हा ब्लोअरला हात लावायच्या आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. मी ते शेवटी केलं आणि त्याची वेगळी धावपळ झाली.

जुन्या कोअरचं तांबं-पितळ भंगारात चांगलं जातं, ते बिलातून वजा करायचं ठरलं होतं. परवा फोन केला. उद्या या म्हणाले.