पीएक्सईला आयपी मिळाला, तरी इन्स्टॉलेशन का अडते?

नेटवर्कवरून होणारे लिनक्सचे स्वयंचलित इन्स्टॉलेशन अर्ध्यावर अडले की बहुतेक जण आधी किकस्टार्ट फाइल (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवलेली फाइल) उघडून तिच्यात चुका शोधू लागतात. माझ्या मते ती फाइल सर्वांत शेवटी पाहावी, कारण पुष्कळदा मशीन तिथवर पोहोचलेलेच नसते.

एका इन्स्टॉलेशनमध्ये आयपी पत्ता एकदाच मागितला जात नाही. आधी नेटवर्क कार्डाचे पीएक्सई फर्मवेअर (नेटवर्कवरून बूट करणारा प्रोग्राम) पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडे तो मागते आणि टीएफटीपी या साध्या फाइल-वाहतुकीच्या प्रोटोकॉलवरून बूटलोडर, कर्नल व इनिटआरडी (सुरुवातीला मेमरीत चालणारी छोटी फाइल सिस्टिम) उतरवले जातात. कर्नल सुरू झाला की फर्मवेअरचे काम संपते. मग इनिटआरडीतील लिनक्स स्वतःच्या ड्रायव्हरने कार्ड नव्याने चालू करते आणि डीएचसीपीकडे पुन्हा विनंती पाठवते. 'पीएक्सईला आयपी मिळाला, म्हणजे नेटवर्क ठीक आहे' हा निष्कर्ष इथेच फसतो.

कार्ड नव्याने चालू होताना लिंक क्षणभर तुटते. स्विचच्या पोर्टवर जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये फेरे होऊ न देणारी व्यवस्था) असेल, तर लिसनिंग आणि लर्निंग या अवस्थांत प्रत्येकी १५, असे एकूण ३० सेकंद तो पोर्ट काहीही पुढे सोडत नाही. दिवा हिरवा असतो, केबल चांगली असते, पण इन्स्टॉलर तेवढा वेळ थांबला नाही तर किकस्टार्ट फाइल मिळाली नाही अशी तक्रार करतो आणि आपण ती फाइल देणाऱ्या बिचाऱ्या वेब सर्व्हरच्या मागे लागतो. त्या पोर्टवर पोर्टफास्ट (ही प्रतीक्षा टाळणारी सेटिंग) लावणे हा खरा उपाय. नेटवर्कवाले तयार नसतील (सहसा नसतातच), तर कर्नलच्या ओळीत डीएचसीपीची प्रतीक्षा वाढवावी.

चार कार्डांच्या सर्व्हरवर आणखी एक घोळ होतो: बूट एका कार्डावरून होते आणि इन्स्टॉलर दुसरेच निवडतो. पीएक्सलिनक्स या बूटलोडरच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'आयपीअपेंड २' लिहिले की बूट झालेल्या कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा हार्डवेअर क्रमांक) कर्नलला कळतो.

तर्क लढवण्यापेक्षा डीएचसीपी सर्व्हरवर टीसीपीडम्प (नेटवर्कवरची पाकिटे दाखवणारे साधन) लावून डीएचसीपीचे ६७ आणि ६८ हे पोर्ट पाहावेत. कर्नल सुरू झाल्यानंतर त्या मॅक पत्त्याची विनंती येतच नसेल, तर दोष स्विचमध्ये, कार्डाच्या निवडीत किंवा ड्रायव्हरमध्ये आहे. इन्स्टॉलरच्या शेलमध्ये 'आयपी लिंक' दिल्यावर फक्त लूपबॅक (मशीनचा स्वतःशीच बोलण्याचा आभासी इंटरफेस) दिसला, तर ड्रायव्हरच नाही. विनंतीला उत्तर गेले असेल, तर वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये किकस्टार्टची मागणी शोधावी. तिथे २०० (फाइल दिली गेल्याचा कोड) दिसले, तरच ती फाइल उघडावी आणि आधी डिस्कचे नाव तपासावे: एनव्हीएमई डिस्कच्या मशीनला दुसऱ्या प्रकारच्या डिस्कच्या 'एसडीए' या नावावर विभाजन करायला सांगितलेले असू शकते.